काँक

फ्रान्सच्या दक्षिण भागातील आव्हेरों जिल्ह्यातले (ऑक्सितानी प्रदेश) लहानसे गाव आणि मध्ययुगापासूनचे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र. रोदेझ शहराच्या वायव्येस सु. ४० किमी.वर, दुर्दू व उश या नद्यांच्या संगमाजवळ डोंगराच्या तीव्र उतारावर ते वसले आहे. लोकवस्ती काही शेकडे. १ जानेवारी २०१६ रोजी शेजारच्या तीन गावांसह त्याची काँक-आं-रुएर्ग ही संयुक्त ग्रामपालिका झाली. ‘कोंका’ (शिंपला) या लॅटिन शब्दावरून गावाचे नाव पडले असे मानतात. समोरच्या टेकडीवरून पाहताना शिंपल्यासारखी खोलगट दरी दिसते, त्यामुळे ही व्युत्पत्ती पटण्याजोगी वाटते.

येथील मठाचा आरंभ दादों नावाच्या एकांतवासी साधकापासून सांगतात. ८२० च्या दशकातील एर्मोल्दच्या लॅटिन काव्यात त्याची कथा येते : शत्रूने आईच्या बदल्यात त्याचा घोडा मागितला; त्याने तो दिला नाही; आई त्याच्या डोळ्यांदेखत मारली गेली आणि पश्चात्तापाने तो या दरीत येऊन राहिला. कथेत काव्याचा भाग बराच असावा. मात्र फ्रँक सम्राट धर्मनिष्ठ लुई याने ८१९ मध्ये मठाला जमिनी दिल्याची सनद असल्याने नवव्या शतकाच्या आरंभी येथे बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या नियमांनुसार चालणारा) मठ होता, हे धरून चालता येते.

गावाचे भाग्य पालटले ते एका चोरीने. फ्वा ही आझाँ नगरातील कोवळ्या वयाची मुलगी. रोमन देवांना बळी अर्पण करण्यास नकार दिल्यामुळे सु. ३०३ मध्ये तिला ठार मारण्यात आले, अशी परंपरा आहे. तिच्या अस्थी आझाँच्या चर्चमध्ये पुजल्या जात. काँकचा आरिव्हिस्कस हा साधू तेथे ओळख लपवून सुमारे दहा वर्षे राहिला, विश्वास संपादून थडग्याचा राखणदार झाला आणि संधी मिळताच अस्थी घेऊन काँकला परतला, असे या अस्थींच्या स्थानांतराचा जुना वृत्तांत सांगतो. बहुतेक ग्रंथ या घटनेसाठी ८६६ हे वर्ष देतात. पण हा वृत्तांत लिहिला गेला अकराव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. त्यामुळे नेमक्या वर्षापेक्षा ‘नवव्या शतकाचा उत्तरार्ध’ असे म्हणणे अधिक सुरक्षित. चोरीचे कारण मात्र बरेच स्पष्ट आहे. जवळच्या फिझाक येथे सोयीच्या जागी नवा मठ उभा राहिला होता आणि अडचणीच्या दरीतला जुना मठ मागे पडू लागला होता. यात्रेकरू खेचून आणील असा संत काँकला हवा होता. वृत्तांतकाराला या कृत्याची लाज वाटत नाही. संताच्या इच्छेवाचून तिच्या अस्थी हलूच शकल्या नसत्या, ही त्या काळची श्रद्धा होती.

फ्वाची बसलेली मूर्ती हे येथील सर्वांत मोलाचे लेणे. सु. ८५ सेंमी. उंचीच्या या मूर्तीचा गाभा लाकडाचा असून त्यावर सोन्याचे पत्रे मढवले आहेत. पाठीतील पोकळीत कवटीचा अवशेष ठेवला होता. मस्तक धडाच्या मानाने मोठे, किंचित मागे कललेले आणि नजर वर लागलेली. ते रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील, बहुधा चौथ्या-पाचव्या शतकातील असून एखाद्या सम्राटाच्या प्रतिमेचे असावे, या मताकडे अभ्यासकांचा कल आहे. अंगभर जडवलेली रत्ने, रोमन कोरीव खडे आणि दागिने शतकानुशतके भाविकांनी वाहिलेले; मराठी वाचकाला नवसाच्या दागिन्यांची आठवण यावी. शार्त्र या फ्रेंच नगरात शिकलेला विद्वान बर्नार द आंजे १०१३ मध्ये प्रथम येथे आला, तेव्हा ही मूर्ती त्याला व्हीनस किंवा डायनाच्या मूर्तीसारखी वाटली व त्याने तिची हेटाळणी केली. नंतर त्यानेच फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिला. फ्रेंच राज्यक्रांतीत अशा मौल्यवान वस्तू सर्वत्र वितळवल्या जात असताना गावकऱ्यांनी मठाचा खजिना घराघरांत लपवला. आज तो जागेवर आहे, याचे श्रेय त्यांचे.

सध्याच्या रोमनेस्क (अर्धवर्तुळाकार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतील) चर्चचे बांधकाम मठाधिपती ओदोल्रिक (१०३१–६५) याच्या काळात सुरू झाले. पश्चिम दारावरील अंतिम न्यायाचा (जगाच्या अंती देव करील त्या निवाड्याचा) शिल्पपट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असावा. त्यात १२४ आकृती आहेत व जुन्या रंगाच्या खुणा टिकून आहेत. डावीकडे देवाच्या हातापुढे वाकलेली फ्वा दिसते. तिच्या मागे कमानींखाली बेड्या टांगल्या आहेत, कारण कैद्यांना सोडवणारी म्हणून तिची ख्याती होती. कडेच्या कमानीवर फीत दोन्ही हातांनी धरून खाली डोकावणारे चेहरे आहेत. ते सहज नजरेतून निसटतात.

१५६८ मध्ये ह्यूगनॉटांनी (फ्रेंच प्रॉटेस्टंटांनी) लावलेल्या आगीत चर्चचे नुकसान झाले. पुढे पडझड वाढत गेली. लेखक व ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे याने १८३७ मध्ये पाहणी करून शासनाचे लक्ष वेधले, त्यानंतर डागडुजी झाली. रोदेझचा चित्रकार प्येर सुलाझ (१९१९–२०२२) याने केलेल्या खिडक्या १९९४ मध्ये बसल्या. १०४ खिडक्या-झरोक्यांत रंगीत काच कोठेही नाही. काच दुधाळ, फक्त काळ्या रेषा. उजेड बदलेल तसा काचेवर कधी निळसर, कधी नारिंगी रंग चढतो.

काँक हे फ्रान्समधील ल प्वी येथून स्पेनमधील सांत्यागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या यात्रामार्गावरील मुक्काम आहे. १९९८ मध्ये यूनेस्कोने फ्रान्समधील या मार्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यात येथील चर्च व दुर्दूवरील दगडी पूल येतात. पुलाला ‘रोमन पूल’ म्हणतात, पण तो मध्ययुगीन आहे. ‘रोमन’ हा शब्द यात्रेकरू या अर्थाच्या ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा) ‘रुमिउ’ शब्दाचा अपभ्रंश असल्याचे मत ग्राह्य दिसते. लाकडी चौकटींची घरे व पातळ दगडी फरश्यांची छपरे ही गावाची ओळख. फ्वाचा सण ६ ऑक्टोबरच्या सुमारास साजरा होतो.