फाउंड्रीतले काळे गोळे आणि ते नीट मोजले जावेत म्हणून राबणारी माणसं

कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एखाद्या चांगल्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये जाऊन बघा, एक काम तिथं कायम चालू असतं. एसजी आयर्नचा, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं अशा ओतीव लोखंडाचा, तुकडा कापायचा, एमरी पेपरवर घासायचा, चकचकीत पॉलिश करायचा आणि १०० पट मोठा करून मायक्रोस्कोपखाली बघायचा. उजळ धातूत ग्राफाइटचे काळे गोळे दिसतात. गोळे जेवढे गोल तेवढं कास्टिंग चिवट, आणि वेडेवाकडे दिसले की समजायचं ग्राफाइट गोल व्हावं म्हणून वितळलेल्या लोखंडाला देतात त्या मॅग्नेशियमच्या ट्रीटमेंटमध्ये कुठंतरी गडबड झाली असणार. त्यातलं किती ग्राफाइट खरंच गोल आहे ते टक्क्यात सांगायचं, तीच नोड्युलॅरिटी, आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा ८० किंवा ८५ टक्क्यांच्या खाली चालवून घेत नाही.

हे मोजायला फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर म्हणजे इमेजजे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रॅसबँड यांनी १९८७ मध्ये एनआयएच इमेज लिहायला घेतलं आणि १९९७ मध्ये त्याचाच जावा या प्रोग्रामिंग भाषेतला अवतार आला, तो हा. मूळ हेतू जीवशास्त्रातले फोटो मोजायचा, पण काळा ठिपका पेशीचा असो की ग्राफाइटचा, गणित तेच. आधी थ्रेशोल्ड लावायचा, म्हणजे एवढ्यापेक्षा काळं ते ग्राफाइट आणि बाकीचं लोखंड असं ठरवायचं, मग प्रत्येक ठिपक्याचं क्षेत्रफळ आणि परिघ घेऊन सॉफ्टवेअर गोलाई काढतं: क्षेत्रफळाला ४π (चार पाय) नं गुणायचं आणि परिघाच्या वर्गानं भागायचं. उत्तर १ च्या जवळ आलं की गोळा गोल.

आता खरी मेख बघा. मायक्रोस्कोपचा लाईट मधे जास्त आणि कोपऱ्यात कमी पडत असेल तर कोपऱ्यातलं लोखंडसुद्धा काळपट दिसतं, थ्रेशोल्ड त्यालाही ग्राफाइट समजतो, शेजारशेजारचे दोन गोळे एकमेकांना चिकटतात आणि चांगल्या कास्टिंगची नोड्युलॅरिटी कागदावर खाली येते. त्यात तो फोटो व्हॉट्सॲपवरून पुढं पाठवला तर तो दाबला जातो, पिक्सेल कमी होतात, एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन ही माहितीही गळून पडते. मग त्याच तुकड्यावर दोन लॅबचे दोन आकडे येतात आणि भांडण सुरू, आणि यात सॉफ्टवेअर बिचारं कुठंच चुकलेलं नसतं.

म्हणूनच मला वाटतं या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम कोड लिहिणाऱ्यांच्याही पुढचं आहे, ते छोट्या छोट्या वर्किंग ग्रुपमध्ये चालतं आणि बहुतेकजण आपली नोकरी सांभाळून ते करतात. एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, क्वारेप-लिमी नावाचा गट उभा राहिला, मायक्रोस्कोपचे फोटो आणि त्यावरची मोजमापं भरवशाची व्हावीत म्हणून. विद्यापीठातली माणसं, मायक्रोस्कोप सांभाळणारे, आणि विशेष म्हणजे मायक्रोस्कोप विकणाऱ्या कंपन्यांचे लोकसुद्धा एका टेबलावर आले, म्हणजे ऑनलाइन टेबलावर. कामाची वाटणी अशी की एक ग्रुप फक्त लाईटची पॉवर बघणार, एक फक्त लाईट सगळीकडे सारखा पडतो का ते बघणार (आपल्या कोपऱ्याचंच दुखणं!), एक फोकस आणि स्टेज (ज्यावर नमुना ठेवतात ती पट्टी), एक फोटोसोबत कुठली माहिती जपायची ते. त्यांचं लक्ष मुख्यतः जीवशास्त्रातल्या मायक्रोस्कोपवर आहे पण दुखणं एकच आहे. २०१९ च्या महापुरात आपल्याकडं कुणी बोटी बघितल्या, कुणी जेवण, कुणी औषधं, म्हणून गाडा चालला, तसलीच ही वाटणी.

त्यातल्याच फोटो आणि ॲनालिसिस बघणाऱ्या ग्रुपनं २०२३ मध्ये चेकलिस्ट छापल्या, त्या मला फार आवडतात. स्केल बार, म्हणजे फोटोतलं अंतर दाखवणारी मापाची रेघ, आहे का, लाल-हिरवं वेगळं न दिसणाऱ्या माणसालाही चित्र कळेल का, सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहिलंय का, सेटिंग दिलीत का. किमान एवढं कराच, जमलं तर हे करा आणि सगळ्यात उत्तम म्हणजे हे, अशा तीन पायऱ्या, त्यामुळं साधी लॅबसुद्धा पहिल्या पायरीवर आजपासून उभी राहू शकते.

त्याआधी युरोपात २०१६ ते २०२० न्यूबायस नावाचं, जीवशास्त्रातल्या फोटोंचं ॲनालिसिस करणाऱ्यांचं जाळं होतं. सरकारी पैसा होता पण तो भेटीगाठी, प्रवास, ट्रेनिंगसाठी, पगारासाठी नाही. तिथंही ग्रुप पाडले होते: एकानं शिबिरं घेतली, एकानं कुठल्या कामाला कुठलं टूल ते शोधायची सोय केली, एकानं मोफत पाठ्यपुस्तक काढलं, आणि एकानं बायाफ्लोज उभं केलं. त्यात खरं उत्तर आधीच माहीत असलेले फोटो ठेवतात आणि वेगवेगळ्या पद्धती त्यांच्यावर चालवून कोण किती बरोबर ते तपासतात. आता ग्लोबायस नावाची संस्था हेच काम जगभर न्यायला बघतेय.

अडचण एकच, पण मोठी. संशोधकाला बढती मिळते छापून आलेल्या पेपरवर, म्हणजे शोधनिबंधावर, आणि कुणीतरी सहा महिने बसून नीट लिहिलेल्या सूचना, सोडवलेल्या शंका, तपासलेला दुसऱ्याचा कोड याला पेपर म्हणत नाहीत. त्यामुळं चांगली माणसं दमतात आणि बाजूला होतात. ग्रुपच्या पेपरवर सगळ्यांची नावं घालायची पद्धत पडतेय ती यासाठीच, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडनं काय देता येईल म्हणाल तर इमेजजेमधले सरावाचे फोटो उघडून बघा, पेशी आहेत, पान आहे, बोटी आहेत, अगदी आकाशगंगासुद्धा आहे. ग्राफाइटचे गोळे घालायला तिथं जागा भरपूर आहे. शिवाजी विद्यापीठातली पोरं आणि फाउंड्रीतले केमिस्ट मिळून पॉलिश केलेल्या तुकड्यांचे मूळ, न दाबलेले फोटो काढू शकतात, सोबत स्केल आणि लाईटची सेटिंग लिहून, आणि प्रत्येक फोटोतले गोळे दोन केमिस्टनी एकमेकांना न विचारता हातानं मोजून. दोघांचे आकडे जिथं जुळत नाहीत ते फोटो वगळायचे नाहीत, तेच सगळ्यात कामाचे, कारण माणसांतच किती फरक पडतो ते कळल्याशिवाय सॉफ्टवेअर किती चुकलं ते ठरवणार कसं. मालकाची परवानगी मात्र आधी लेखी घ्यायची आणि फोटोवरून गिऱ्हाइकाचं नाव, पार्ट नंबर काढून टाकायचा.