ऑक्झिनच्या साक्यापासून इरिडियमपर्यंत

ओलेड म्हणजे ‘ऑरगॅनिक लाइट एमिटिंग डायोड’, विजेवर स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचे फोन-टीव्हीचे पडदे. नावातच ‘ऑरगॅनिक’ असल्यामुळे या पडद्यांचे सगळे श्रेय कार्बनी रेणूंच्या पदरात पडते. हा इतिहास दोनदा वळला तो मात्र धातूंमुळे: आधी ॲल्युमिनियम, मग इरिडियम.

ज्यांनी रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल केले आहे, त्यांच्या नाकात ऑक्झिनचा, म्हणजे ८-हायड्रॉक्सीक्विनोलिन या कार्बनी संयुगाचा, वास अजून असेल. ॲल्युमिनियमच्या द्रावणात ते घातले की पिवळसर साका बसतो. तो गाळायचा, सुकवायचा, वजन करायचे. हाच साका अतिनील दिव्याखाली धरला की हिरवट-पिवळा उजळतो. ऑक्झिनचे तीन रेणू मधल्या ॲल्युमिनियमला खेकड्याच्या नांग्यांसारखे धरून बसतात. साध्या ॲल्युमिनियमचे वजन काढण्यासाठी वापरला जाणारा हा पदार्थ पुढे इतका मोलाचा ठरला, याचे मला आजही नवल वाटते.

सेंद्रिय स्फटिकातून विजेने प्रकाश काढणे १९६० च्या दशकातच जमले होते. पण अँथ्रासीनच्या जाड स्फटिकाला त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी वाट बदलली. १९८७ च्या त्यांच्या उपकरणात दोनच पातळ थर होते. एकातून धन भार यायचा, दुसऱ्यातून ऋण. हा दुसरा, सुमारे ६० नॅनोमीटरचा, ॲल्युमिनियम-ऑक्झिनच्या त्याच संकुलाचा (धातूभोवती रेणू बांधलेल्या पदार्थाचा). ते निर्वातात तापवले तरी न मोडता उडते आणि काचेवर गुळगुळीत बसते. दोन्ही भार थरांच्या सीमेपाशी भेटले आणि १० व्होल्टांच्या आत हिरवा प्रकाश पडला. बाहेर येणारा प्रकाश भाराच्या मानाने जेमतेम १ टक्का होता, पण पडद्यांचा रस्ता इथेच उघडला.

मर्यादा मात्र मुळातच होती. भार एकत्र आले की चारपैकी साधारण एकच जोडी सिंगलेट, म्हणजे सहज प्रकाश देणाऱ्या, अवस्थेत जाते. उरलेल्या तीन ट्रिपलेट. ट्रिपलेटला प्रकाश देऊन खाली यायला पुंजयामिकीची जवळपास बंदी आहे, त्यामुळे ती ऊर्जा उष्णतेत जाते. ॲल्युमिनियम हलका, त्याला ही बंदी मोडता येत नाही. जड धातूच्या अणूपाशी इलेक्ट्रॉनचे स्पिन (त्याचा अंगभूत फिरकीसारखा गुण) आणि त्याचे भ्रमण एकमेकांत गुंततात आणि ही बंदी सैल होते.

१९९८ मध्ये बाल्डो, फॉरेस्ट, थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमचे पॉर्फिरिन संकुल ॲल्युमिनियमच्या त्याच जुन्या थरात थोडेसे मिसळले आणि वाया जाणारे ट्रिपलेट लाल उजळू लागले. तरी प्लॅटिनमचा ट्रिपलेट फार रेंगाळायचा. विद्युतप्रवाह वाढवला की कार्यक्षमता घसरायची. पुढच्याच वर्षी फिनिलपिरिडिन लिगंडांचे (धातूला धरून बसणाऱ्या रेणूंचे) इरिडियम संकुल आले. ते सुमारे एका मायक्रोसेकंदात प्रकाश देऊन मोकळे होते. हा रेणू १९८५ मध्येच तयार झालेला होता. त्याचे हे काम १४ वर्षांनी सापडले. २००१ पर्यंत अशा उपकरणांची आंतरिक कार्यक्षमता, म्हणजे एकत्र आलेल्या भारजोड्यांपैकी आत प्रकाश देणाऱ्यांचे प्रमाण, ८७ टक्क्यांवर पोचली.

स्मिथसन टेनंटने १८०३ मध्ये इरिडियमला इंद्रधनुष्याच्या ग्रीक देवतेचे नाव दिले, ते त्याच्या क्षारांच्या रंगांमुळे. या संकुलांतही लिगंड बदलला की रंग बदलतो. हिरवा आणि लाल टिकाऊ मिळाले. निळा अडला. निळ्या प्रकाशाची ऊर्जा एवढी जास्त, की तिच्यामुळे रेणूचे बंधच तुटतात. त्यामुळे फोनच्या पडद्यावर लाल-हिरव्या ठिपक्यांत इरिडियम असले, तरी शेजारचा निळा ठिपका बहुधा अजून मुख्यतः सिंगलेटवरच चालतो, ट्रिपलेटची बरीचशी ऊर्जा वाया घालवत.