कन्ना : रोप घरी नेण्याआधी हे वाचून घ्या

आमच्या रोपवाटिकेत या कुंडीवर 'कन्ना' एवढीच चिठ्ठी असते, तरी रविवारी येणाऱ्यांपैकी एक-दोघं तिच्याजवळ हमखास थांबतात. "मोबाइलवर दाखवतात ते मन प्रसन्न करणारं झाड हेच का?" हेच. मग लगेच दुसरा प्रश्न, "पान खायचं कसं?" त्याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या दोन वाक्यांत देता येत नाही, आणि अर्धवट उत्तर देणं आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक. पाच-सात मिनिटं काढून वाचा आणि मगच रोप न्यायचं की नाही ते ठरवा.

आधी एक घोळ मिटवू. "कन्ना आहे का?" असं फोनवर विचारून काही जण लाल-पिवळ्या फुलांची कर्दळ न्यायला येतात. कर्दळीचं शास्त्रीय नाव कॅना. तिचा आणि या रोपाचा नावापुरताही संबंध नाही. आमच्याकडची कन्ना म्हणजे स्केलेटियम टॉर्चुओसम. अलीकडे काही वनस्पतिशास्त्रज्ञ तिला मेसेम्ब्रिअँथेमम या प्रजातीत घालतात, त्यामुळे पुस्तकांत दोन्ही नावं सापडतील. रोप एकच.

ओळख

कुंडी सकाळी आठच्या उन्हात धरून पाहा. पानांवर बारीक बारीक मणी चमकतात, जणू रात्री दव पडून तिथेच थिजलं. ते दव नव्हे. पाणी साठवणाऱ्या फुगीर पेशी आहेत त्या, आणि उन्हाळ्यात रोप त्यांच्याच भरवशावर तगतं. फांद्या जमिनीलगत पसरतात, पानं जोडीजोडीने येतात. जुनी पानं वाळली की त्यांचा गर जातो, शिरा तेवढ्या उरतात आणि कोवळ्या पानांभोवती जाळीदार पिंजरा तयार होतो. लहानपणी वहीत पिंपळाचं पान ठेवून त्याची जाळी व्हायची वाट आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. कन्ना ती जाळी स्वतःची स्वतःच करते. स्केलेटियम या नावात जो सांगाडा आहे तो हाच.

"रोप वाळलंय" असं समजून ही जाळी खुडू नका. नव्या पानाला उन्हापासून तीच सांभाळते. दरवर्षी दहा-बारा कुंड्या तरी फक्त या साफसफाईच्या हौसेपायी परत येतात, आणि ते पाहून जीव तुटतो.

फुलं पांढरी किंवा फिकट पिवळी, रेशमाच्या दोऱ्यांसारख्या पाकळ्यांची. ऊन वर आलं की उघडतात. मेसेम्ब्रिअँथेमम या शब्दाचा मूळ अर्थच 'दुपारचं फूल'. आपल्या अंगणातल्या ऑफिस टाइमचं कूळ वेगळं, पण फुलायची शिस्त तीच.

माहेर

कन्ना दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्येकडची. नामाक्वालँड आणि कारू हा तिचा प्रदेश. दगडधोंड्यांचा, कमी पावसाचा, आणि नामाक्वालँडात तर जो काही पाऊस पडतो तो थंडीत. तिथले सान लोक शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगत आले, खोईखोई लोक गुरं-मेंढ्या पाळत आले. दोघांनाही ही वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लांबच्या शिकारीवर भूक, तहान आणि शीण मारण्यासाठी ती चघळायची, चारचौघं जमले की चघळायची, दात दुखला तरी चघळायची. खोईखोईंच्या भाषेत 'कन्ना' हा शब्द इलँड या भल्यामोठ्या हरणासाठीही वापरत. सान लोक इलँडला किती मानतात ते त्यांच्या गुहाचित्रांतून दिसतं, तेव्हा रोपाला तेच नाव मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. आफ्रिकान्स भाषेत तिला 'कौखूत' म्हणतात, म्हणजे चघळायची वस्तू. वेस्टर्न केप प्रांतातल्या एका नगरपालिकेचं नाव आजही कन्नालँड आहे.

1685 मध्ये केपचा डच अधिकारी सिमोन फान डेर स्टेल तांब्याच्या डोंगरांच्या शोधात नामाक्वालँडात गेला. त्याच्या रोजनिशीत कन्नाची नोंद आहे. ती ऑक्टोबरमध्ये गोळा करतात, दिवसभर चघळतात, आणि हिंदुस्थानात विड्याच्या पानाला आणि सुपारीला जो मान आहे तोच या लोकांत हिला आहे, असं तो लिहितो. पानसुपारीची उपमा त्याला सुचली याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं, कारण या माणसाच्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं नाव कागदपत्रांत 'गोव्याच्या किनाऱ्यावरची मोनिका' असं येतं. उपमा त्याला आजीमुळे सुचली असं आम्ही म्हणणार नाही. डच व्यापाऱ्यांना विडा ठाऊकच होता. पण आपल्या किनाऱ्याचा एक धागा या गोष्टीत आहे एवढं खरं. त्याच नोंदीत पुढे, हिची लागवड केली तर नफा होईल, असाही हिशेब आहे.

पान तसंच खात नाहीत

इथे जरा सावकाश वाचा. मोबाइलवरच्या चित्रफितींत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

परंपरेत ताजं पान खुडून तोंडात टाकत नाहीत. रोप दगडांमध्ये ठेचतात आणि कातड्याच्या किंवा जाड कापडाच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवतात. आता प्लास्टिकची पिशवीही वापरतात. आतला ओला लगदा घामेजतो, आंबतो. दोन-तीन दिवसांनी पिशवी उघडून तो वरखाली करायचा, परत बांधायची. साधारण आठव्या दिवशी बाहेर काढून उन्हात पसरून वाळवायचा. जे उरतं ते तंबाखूसारखं तपकिरी, सुटं. तेच चघळायचं, तपकिरीसारखं ओढायचं, कधी चिलमीत भरायचं, कधी चहासारखं उकळायचं.

एवढा खटाटोप कशाला? या कुळातल्या वनस्पतींत ऑक्झलेट भरपूर असतं. अळूची भाजी कच्ची राहिली की घसा का खाजतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तिथेही ऑक्झलेटचे स्फटिकच असतात, म्हणून आपण चिंच घालून ते नीट शिजवतो. कन्ना आंबवल्याने तिच्यातलं ऑक्झलेट कमी होत असावं, अशी मांडणी संशोधकांनी केली आहे. शिवाय आंबवताना तिच्यातल्या मुख्य द्रव्यांचं आपापसातलं प्रमाणही बदलतं. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती त्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बसवलं. गॅलरीतलं पान खुडून खाणारा माणूस या परंपरेतलं काहीच पाळत नसतो.

नामाक्वालँडात पोटशूळ झालेल्या तान्ह्या बाळाला मेंढीच्या शेपटीच्या चरबीत मिसळून एखादा थेंब देण्याची रीत होती, असंही नोंदलेलं आहे. हे केवळ माहितीसाठी लिहिलं. आपल्याकडे कोणी बाळाला हे देऊ नये. कृपा करून नाहीच.

प्रयोगशाळेत काय दिसलं

कन्नाचा परिणाम मेसेम्ब्रिन, मेसेम्ब्रेनोन आणि त्यांच्या जातीच्या इतर अल्कलॉइडांमुळे, म्हणजे शरीरावर परिणाम करणाऱ्या वनस्पतीतल्या द्रव्यांमुळे होतो. मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य एका पेशीतून सुटतं आणि काम झालं की परत आत शोषलं जातं. मेसेम्ब्रिन ही परतीची वाट अडवतं, त्यामुळे सेरोटोनिन जास्त वेळ बाहेर राहतं. उदासीवरच्या पुष्कळशा गोळ्या नेमकं हेच करतात, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे. मेसेम्ब्रेनोन याखेरीज पीडीई-4 नावाच्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमलाही आवर घालतं.

आज झेम्ब्रिन या नावाने कन्नाचा ठरावीक प्रमाणाचा अर्क तयार होतो. त्याच्यावर माणसांत चाचण्या झाल्या आहेत. 2013 च्या एका चाचणीत 16 निरोगी लोकांना 25 मिलिग्रॅमचा एकच डोस दिला, तेव्हा भेदरलेले चेहरे पाहताना मेंदूतल्या भीतीच्या केंद्राची हालचाल कमी दिसली. त्याच वर्षी 37 निरोगी प्रौढांना तीन महिने रोज 8 किंवा 25 मिलिग्रॅम किंवा नुसती औषधविरहित गोळी देऊन सुरक्षितता तपासली, आणि अर्क त्यांना सोसला. 2014 मध्ये 21 जणांच्या चाचणीत विचार एका कामावरून दुसऱ्यावर वळवण्याची क्षमता थोडी सुधारलेली आढळली.

आमचं मत विचाराल तर हे निकाल आशादायक आहेत, पण आकडे पाहा : 16, 37, 21. आणि माणसं निरोगी. यावरून कोणाच्या आजारावर हे औषध आहे असं म्हणता येत नाही. दुसरं असं की चाचणीतला अर्क मोजूनमापून केलेला होता. कुंडीतल्या रोपात काय आणि किती आहे हे जाती-जातीला, हंगामाला, इतकंच काय शेजारच्या कुंडीलाही बदलतं.

ज्ञान कोणाचं

कन्नाच्या कहाणीतला हा भाग आम्हाला सर्वात जवळचा वाटतो. अमेरिकेने 1995 मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कन्नाच्या बाबतीत वाट वेगळी निघाली. अर्क बनवणाऱ्या दक्षिण आफ्रिकी कंपनीने 2008 मध्ये तिथल्या सान परिषदेशी लाभवाटपाचा करार केला. उत्पन्नातला वाटा सान लोकांना, आणि त्यातला हिस्सा पॉल्सहूक आणि नूरिव्हियर या नामाक्वालँडातल्या दोन गावांना, कारण संशोधकांना कन्ना कशी वापरतात ते तिथल्या जाणत्या माणसांनी सांगितलं होतं. ज्याचं ज्ञान त्याला मान आणि मोल, हे लेखी झालं. तीन शतकांहून जास्त काळ बाहेरच्यांनी नुसत्या नोंदी करून नेल्यावर हे झालं, पण झालं.

रानातली कन्ना अती तोडीमुळे बऱ्याच ठिकाणी दुर्मीळ झाली आहे. आमची सगळी रोपं इथल्याच मातृरोपांच्या फांद्यांपासून आणि बियांपासून केलेली आहेत. परदेशी संकेतस्थळावरून पाकिटातून बी मागवण्याच्या फंदात पडू नका. आयातीचा परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर ते कायद्यात बसत नाही. आम्हीही सुरुवातीला एका विक्रेत्याकडून 'अस्सल' म्हणून बी घेतलं होतं. सहा महिने जोपासल्यावर गर्द गुलाबी फुलं आली, तेव्हा कळलं की ते याच कुळातलं भलतंच रोप होतं.

आम्ही पूड का विकत नाही

आम्ही रोपवाटिकावाले. अन्न किंवा औषध विकण्याचा परवाना आमच्याकडे नाही, आणि हे रोप आम्ही शोभेचं आणि संग्रहाचं म्हणूनच विकतो. पण परवाना असता तरी काउंटरवरून पूड दिली नसती. कारण वर सांगितलेलं सेरोटोनिन.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या उदासीवरच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांनी कन्ना कोणत्याही रूपात घेऊ नये. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाबरोबर आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या खोकल्याच्या औषधाबरोबरही तोच धोका. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढलं तर अस्वस्थपणा, थरथर, दरदरून घाम, छातीत धडधड, ताप, स्नायू आखडणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. असं काही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, मुलांनी यापासून लांबच राहावं. "झाडपाल्याने काय होतंय" हे वाक्य इथे लागू पडत नाही.

गोळ्या बंद करून हे घ्यावं का, असं एका ताईंनी विचारलं होतं. नको, ताई. गोळ्या अचानक बंद करणं हाच एक वेगळा त्रास आहे. तुमच्या डॉक्टरांशी बोला. बोलायला कोणी नसेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 वर रात्रंदिवस चालू असते, आणि मराठीतही बोलता येतं. रोप कुंडीत फुलताना पाहून मन हलकं होतं ते मात्र आम्ही रोज अनुभवतो, आणि त्याला गोळीची आडकाठी नाही.

कुंडीतली देखभाल

कन्नाचा वैरी म्हणजे आपला पावसाळा. पहिल्या वर्षी आम्ही 60 रोपं उघड्यावर ठेवली होती, श्रावणापर्यंत 11 उरली. बुंधा मऊ पडला की संपलं. म्हणून जूनपासून कुंडी पत्र्याखाली किंवा गॅलरीत आत घ्या, वारा मात्र खेळता हवा. त्या काळात दहा-बारा दिवसांतून एकदा जेमतेम पाणी. कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे हे रोप अवघड जातं, तिकडच्या ग्राहकांना आम्ही आधीच तसं सांगतो.

माती : अर्धा भाग भरड रेती किंवा चाळलेला विटांचा चुरा, पाव भाग बागेची माती, पाव भाग चांगलं कुजलेलं पाल्याचं खत. कुंडी मातीची, तळाला मोठं भोक. दिवाळी ते होळी हा तिचा वाढीचा काळ, तेव्हा सकाळचं ऊन भरपूर द्या आणि दोन बोटं खोल माती कोरडी झाली की पाणी घाला. एप्रिल-मेमध्ये निम्म्या सावलीची हिरवी जाळी वर बांधा. त्या दिवसांत रोप मरगळलेलं दिसेल, पाण्याचा मारा करू नका. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. कुंडी लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताबाहेर ठेवा.

नवं रोप करायचं तर तीन-चार इंचांची फांदी कापून दोन दिवस सावलीत सुकवा आणि मग लावा.

फुलं गेली की छोटी फळं धरतील. ती पूर्ण वाळू द्या. मग एक फळ बशीत ठेवून त्याच्यावर चमचाभर पाणी सोडा आणि घरातल्या मुलांना बोलवा. बघता बघता फळाचे कप्पे चांदणीसारखे उघडतात. वाळलं की परत मिटतात, पाणी घातलं की परत उघडतात. कारूत पाऊस आला तरच बी बाहेर सोडायचं, ही त्यांची तऱ्हा. ते तपकिरी बी कागदाच्या पुडीत ठेवा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे घेऊन या. पेरणीचे ट्रे आम्ही तयार ठेवतो, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून पेरून देतो. पैसे घेत नाही.