'काय डोंगार'च्या आधीचं सांगोला: आबासाहेबांची गोष्ट

2022 ला आमदार शहाजीबापू पाटलांचा "काय झाडी, काय डोंगार" वाला फोन व्हायरल झाला आणि सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला कुठंय ते अख्ख्या महाराष्ट्राला समजलं. पण त्याच्या आधी पन्नास-साठ वर्षं सांगोला म्हटलं की नाव एकच यायचं, गणपतराव देशमुख, तिकडच्या लोकांचे आबासाहेब.

मूळ गाव पेनूर, मोहोळ तालुका, जन्म 1926 चा. वकिलीचं शिक्षण घेऊन सांगोल्यात प्रॅक्टिस सुरू केली. दुष्काळी तालुक्यात वकिलाला फी कोण देणार आणि किती देणार हा प्रश्नच आहे, पण शेतकऱ्याच्या घरातलं भांडण, कर्ज, बांध सगळं त्याला आतून कळतं. शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, तेव्हा जोरात होता, 1947 ला काँग्रेसमधून फुटून जेधे-मोऱ्यांनी काढलेला पक्ष. 1962 ला आबा त्याच्याच तिकिटावर पहिल्यांदा आमदार झाले. पुढं शेकापचे भलेभले काँग्रेसमध्ये गेले, हे मात्र शेवटपर्यंत तिथंच.

अकरा वेळा आमदार हा आकडा सगळे सांगतात, पण मधे दोनदा पडलेत हे कुणी फारसं सांगत नाही. 1972 ला पडले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला तर फक्त 192 मतांनी गेले, समोर कोण, तर हेच डोंगारवाले शहाजीबापू पाटील. मग 1999, 2004, 2009, 2014 सलग. तामिळनाडूत करुणानिधी 13 वेळा आमदार झाले पण मतदारसंघ बदलत बदलत, केरळात पाला मधून के. एम. मणी 13 वेळा (तेही वकीलच बरं का), आबांचंही तसंच, सगळं एका सांगोल्यातून.

मंत्री दोनदाच झाले, 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारमध्ये आणि 1999 ला विलासरावांच्या सरकारात. बाकी जवळपास सगळी हयात विरोधी बाकावर. माझ्या मते त्यांचं खरं काम मंत्रिपदात नाहीच, ते पाण्यात आहे. माण नदी म्हणजे वर्षातले बरेच महिने नुसती वाळू, कृष्णेचं पाणी टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांनी वर उचलून आणल्याशिवाय इथं काही होणार नव्हतं. नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली त्यात आबा पुढे होते, आणि मागणी नुसती पाणी द्या अशी नव्हती, समान वाटून द्या अशी होती. ज्याला जमीन जास्त त्यालाच पाणी जास्त, हे का म्हणून? साखर कारखानदारांच्या पट्ट्यात असं बोलायला हिंमत लागते. दुसरी गंमत म्हणजे सूतगिरणी. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढली आणि नीट चालवून दाखवली, जिथं कापूस पिकतो तिथल्या किती बंद पडल्या ते बघा.

एसटीत एका सीटवर 'आमदारांसाठी राखीव' लिहिलेलं असतं ना, आपण सगळेच त्यावर बसून आलोय कारण आमदार काय कधी येत नाही. आबा एसटीने फिरायचे. आजकाल सरपंचालाही स्कॉर्पिओ लागते.

2019 ला वयामुळे थांबले. नातू अनिकेत उभे राहिले आणि 768 मतांनी पडले, समोर परत शहाजीबापूच. म्हणजे बापू दोन्ही वेळा आले ते हजारच्या आतल्या फरकाने. 30 जुलै 2021 ला सोलापुरात आबा गेले, 94 वर्षांचे होते. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब उभे राहिले, वकील नाहीत, डॉक्टर आहेत, पण पक्ष शेकापच, आणि या वेळी पडले शहाजीबापू.