आलं किसा

‘आलं किसा’ हे दोन शब्द भरभर म्हणून बघा. चहाचं आधण ठेवलंय, शेजारी मिक्सर घरघरतोय आणि झोप अजून पुरती उडालेली नाही, अशा वेळी म्हणतात तसे. ‘अलेक्सा’पासून ते कितीसे लांब राहिले? आपल्याला फरक कळतो, कारण समोर चहा उकळतोय आणि किसणी हातात आहे. ओट्यावरच्या, ‘अलेक्सा’ अशी हाक मारली की हुकूम पाळणाऱ्या स्मार्ट स्पीकरला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यापाशी पोचते ती फक्त हवेची थरथर, आणि तेवढ्यावरून त्याला ठरवायचं असतं की ही हाक आपल्यालाच का.

हा डबा सतत ऐकतो का, असं लोक दबक्या आवाजात विचारतात. ऐकतो की! न ऐकता हाक कशी कळेल? पण ऐकणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. डब्यातली चिप शेवटच्या काही क्षणांचा आवाज तेवढा धरून ठेवते. नवा आला की जुना पुसला जातो. त्यात हाकेचा शब्द आहे असं वाटलं की दिवा लागतो आणि पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. सगळी गोम त्या ‘वाटलं’मध्ये आहे. ऐकू आलेला आवाज हाकेशी किती जुळतो याचा चिप निव्वळ अंदाज बांधते. अट कडक ठेवली तर सर्दी झालेल्या आजोबांना चारचारदा ओरडावं लागेल. सैल ठेवली तर आल्याचा चहाही सर्व्हरवर जाईल.

जर्मनीत बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या संशोधकांनी मालिका आणि बातम्या या स्पीकरांसमोर लावून ठेवल्या. २०२० साली त्यांनी सांगितलेल्या फसव्या शब्दांची संख्या हजाराच्या वर होती. इंग्रजी ‘इलेक्शन’ ऐकून अलेक्सा जागी झाली, ‘अ सिटी’ म्हटल्यावर अ‍ॅपलची सिरी आणि ‘ओके, कूल’ला गूगल.

अंदाज एकदाच चुकला तर फारसं बिघडत नाही. अमेरिकेत पोर्टलंडच्या एका जोडप्याच्या घरी २०१८ साली तो ओळीने चुकत गेला. घरातल्या लाकडी फरशीविषयी त्यांचं बोलणं चाललं होतं. अ‍ॅमेझॉनच्या खुलाशानुसार एको स्पीकरला त्यात आधी स्वतःचं नाव ऐकू आलं, मग ‘मेसेज पाठव’, मग ‘कुणाला?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक नाव, आणि शेवटी होकार. फरशीच्या गप्पा सिएटलमधल्या ओळखीच्या माणसाच्या फोनवर जाऊन पोचल्या.

हाकेला ओ देणारं यंत्र मुळात शंभरेक वर्षं जुनं आहे, आणि ते होतं खेळणं. ‘रेडिओ रेक्स’ नावाचा सेल्युलॉइडचा कुत्रा लाकडी घरात बसलेला असे. ‘रेक्स!’ म्हटलं की टुणकन बाहेर. या शब्दातल्या ‘ए’ स्वरात सेकंदाला साधारण ५०० कंपनांच्या आसपास बराच जोर असतो. तेवढ्याने आतल्या पट्टीचा विद्युतजोड तुटे, विद्युतचुंबकाची पकड सुटे आणि स्प्रिंग कुत्र्याला ढकलून देई. पुरुषी आवाजाला तो चांगला दाद देई. लहान मुलांच्या स्वराची कंपनं चढी असल्याने त्यांची मात्र पंचाईत. पण रेक्स कुणाचं बोलणं कुणाला पोचवत नसे.

हल्लीच्या डब्यांमागे बोलणं ऐकणारी माणसंही असतात, हे २०१९ साली जगजाहीर झालं. बेल्जियमच्या व्हीआरटी या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या हाती गूगलच्या हजाराहून जास्त ध्वनिफिती लागल्या. त्यातल्या १५३ हाक मारलेली नसतानाच नोंदल्या गेल्या होत्या. एकूण फितींपैकी ०.२ टक्केच माणसं ऐकतात, असा गूगलचा खुलासा होता. मला यातला भाषेचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. यंत्राला फ्लेमिश, म्हणजे बेल्जियममधली डच, शिकवायची तर फ्लेमिश येणारं कुणीतरी कानाला हेडफोन लावून बसणारच. आपल्या मालवणी, वऱ्हाडी हेलांनाही दुसरा मार्ग नाही.

बहुतेक स्पीकरवर माइक बंद करायचं बटण असतं. ते दाबलं की काम भागतं, आणि स्पीकर घेतल्याचा उपयोगही संपतो!

मला सर्वांत चकित केलं ते मात्र एका निःशब्द प्रयोगाने. मिशिगन विद्यापीठ आणि टोकियोचं विद्युत-संचार विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०१९ साली स्पीकरच्या माइकवर लेसरचा किरण सोडला आणि बोलण्याच्या लहरीबरहुकूम त्याचा प्रखरपणा कमीजास्त केला. माइकने प्रकाशालाच आवाज समजून हुकूम पाळला. एका चाचणीत हे अंतर ११० मीटर होतं. दुसऱ्या वेळी तर शेजारच्या मनोऱ्यावरून, बंद खिडकीच्या काचेतून. काचेपलीकडून बोललेलं धड ऐकू येत नाही, पण प्रकाशाला काचेची अडचण नसते. माइकमधला पातळ पडदा आणि त्यामागचं सर्किट, दोन्ही प्रकाशाने विचलित होतात. मिणमिणता-लखलखता प्रकाश पदार्थातून आवाज काढू शकतो हे अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८०मध्येच ताडलं होतं. त्याच वर्षी त्याने वॉशिंग्टनमध्ये सूर्यकिरणावरून २१३ मीटरपर्यंत बोलणं पोचवलं होतं.

हे वाचल्यापासून आमचा डबा खिडकीतून उठून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, मिसळणाच्या डब्यामागे गेला आहे. आलं अजून तिथेच किसलं जातं.