आगीची वेस: शहराच्या रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत

प्राचीन रोममध्ये रात्रीच्या पहाऱ्याच्या प्रमुखाला कायद्याने जी कामं नेमून दिली होती, त्यांतलं एक अगदी घरगुती वाटतं. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक भाडेकरूला त्याने बजावायचं, की खोलीत पाणी भरून ठेव. विस्तवाबाबत हयगय करणाऱ्याला फटके देण्याचा अधिकारही त्याला होता, आणि त्याचं कारण कायद्यातच नमूद आहे: बहुतेक आगी राहणाऱ्यांच्याच चुकीने लागतात. हा मजकूर सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने करवून घेतलेल्या कायदेसंग्रहात टिकून राहिला. मूळ लिखाण त्याच्याही सुमारे तीनशे वर्षं आधीचं आहे.

रोमला हे लिहावं लागलं, कारण शहरातले बहुतेक लोक भाड्याच्या बहुमजली इमारतींत दाटीवाटीने राहत. या इमारतींना ‘इन्सुला’ म्हणत. तळाशी दुकानं, वर बिऱ्हाडं. जितकं वर जावं तितक्या खोल्या लहान आणि राहणारे गरीब. थोडक्यात, ज्याच्याकडे पैसा सर्वांत कमी त्याला बाहेर पडायची वाट सर्वांत लांब. सम्राट ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये पहारेकऱ्यांच्या सात तुकड्या उभ्या केल्या, शहराचे विभाग चौदा, म्हणजे एका तुकडीकडे दोन. रस्त्यालगतच्या इमारतींच्या उंचीवर त्याने सत्तर फुटांची मर्यादाही घातली. तरी इ.स. ६४ ची आग पसरलीच. तिच्यातून फक्त चार विभाग पूर्ण वाचले.

तेव्हापासूनचा इतिहास पाहिला की मला एकच हालचाल दिसते. आगीला जिथे अडवायचं ती वेस हळूहळू आत सरकत आली आहे. आधी ती मोहल्ल्याच्या कडेला होती, मग दोन घरांमधल्या भिंतीवर आली, मग जिन्यावर, आणि शेवटी झोपायच्या खोलीच्या दारावर. वेस जशी आत आली तसे तिचे राखणदारही बदलले. सुरुवातीला सम्राट होता. आज बऱ्याच ठिकाणी एकमेकांना नीट न ओळखणारे चार-पाच जण असतात, ज्यांच्यात समान म्हणावं असं फक्त घरभाडं.

‘कर्फ्यू’ हा शब्द आपण संचारबंदीसाठी वापरतो. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे आणि अर्थ आहे ‘विस्तव झाका’. मध्ययुगीन युरोपात संध्याकाळची घंटा झाली की चुलीतला विस्तव राखेखाली दाबायचा, किंवा त्यावर झाकण घालायचं, आणि सकाळी राख सारून तोच निखारा पुन्हा फुंकायचा. माणसं झोपली की विस्तवाकडे बघायला कोणी नसतं, एवढाच हिशेब. तो आजही बदललेला नाही.

लंडनने बाराव्या शतकाच्या अखेरीस शेजाऱ्यांमधल्या भिंतीचे नियम ठरवले. दगडी भिंत घालायची तर दोघांनी प्रत्येकी दीड फूट जागा सोडायची आणि दोघांच्या खर्चाने तीन फूट जाडीची, सोळा फूट उंच भिंत उभी करायची. एकाची ऐपत नसेल तर? त्याने तीन फूट जागा द्यायची, बांधकामाचा खर्च दुसऱ्याने करायचा. पैसा नाही तर जागा दे, पण भिंत होऊ दे. आजच्या कित्येक सोसायट्यांच्या सभांपेक्षा ही तडजोड शहाणी म्हणायला हवी. मात्र तिला सक्तीची जोड नव्हती, त्यामुळे शहर बहुतांशी लाकडीच राहिलं. सप्टेंबर १६६६ मध्ये चार-पाच दिवसांत सुमारे १३,२०० घरं जळाली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी कायदा झाला: बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या, आणि सामाईक भिंतीची जाडी घराच्या प्रकारानुसार ठरलेली. तहान लागल्यावर विहीर खोदण्याचा हा प्रकार पुढे इतक्या वेळा दिसतो की सगळे सांगत बसलो तर यादी होईल.

जगाच्या दुसऱ्या टोकाला एदो, म्हणजे आजचं टोकियो. तिथली साधी माणसं ‘नागाया’त राहत: एक लांबलचक छप्पर, खाली ओळीने खोल्या, मधे पातळ आडोसे. १६५७ च्या आगीत शहराचा बराचसा भाग गेला. त्यानंतर आग ओलांडू शकणार नाही असे रुंद मोकळे पट्टे शहरात काढले गेले आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वस्त्यांनी आपापली अग्निशमन पथकं बांधली. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे ओढायचा आकडा. आगीच्या वाटेतली घरं ओढून पाडायची, म्हणजे पुढे जळायला काही उरत नाही. जळणारं घर सोडून न जळालेलं घर पाडायचं हे ऐकायला क्रूर वाटतं. पण एका छपराखाली वीस बिऱ्हाडं असतील तर तुमची खोली पाडून माझी वाचवणं हाच व्यवहार्य मार्ग होता. आडोशाची भिंत आग अडवू शकत नसेल तर खोलीला वेस म्हणून काही अर्थ उरत नाही.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांनी शहरं भरली आणि प्रश्न जिन्यावर येऊन ठेपला. फेब्रुवारी १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या एल्म स्ट्रीटवरच्या भाडेकरूंच्या एका इमारतीत खालून आग लागली. जिना लाकडी आणि एकच, त्यामुळे तो आधी पेटला. बंबवाल्यांच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचल्या नाहीत. त्याच वर्षी कायदा झाला आणि इमारतीच्या दर्शनी भागावर लोखंडी जिने दिसू लागले. उद्देश चांगला होता, पण जागा अपुरी असलेल्या माणसांना मिळालेला तो लोखंडी चौथरा म्हणजे फुकटची गॅलरी. त्यावर अंथरुणं वाळत पडली, कुंड्या आल्या, खोकी आली, उकाड्यात माणसं झोपू लागली. सुटकेची वाट अडगळीने भरली. ‘इथे सामान ठेवू नका’ असे फलक तेव्हापासून लागतायत, आणि तेव्हापासूनच त्यांच्याखाली सामान असतं. लोकांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे. रोज लागणारी जागा आणि कदाचित कधीच न लागणारी वाट यांत रोजची गरज जिंकते, एवढंच ते आहे.

दाराचा धडा मिळायला १९४६ साल उजाडलं. अमेरिकेत अटलांटातलं वाइनकॉफ हॉटेल पंधरा मजली होतं आणि स्वतःला ‘पूर्णपणे अग्निरोधक’ म्हणवून घेत होतं. शब्दशः ते खरंही होतं. ७ डिसेंबरच्या पहाटे आग लागली, ११९ माणसं मेली, आणि इमारतीचा सांगाडा मात्र शाबूत राहिला. ती इमारत आजही उभी आहे. वर-खाली करायला एकच जिना होता, त्याला आग अडवतील अशी दारं नव्हती, आणि खोल्यांच्या दारांवर हवा खेळण्यासाठी उघडणाऱ्या झडपा होत्या. धूर आणि ज्वाळा जिन्यातून धुराड्यासारख्या वर गेल्या आणि झडपांमधून खोल्यांत शिरल्या. इमारत जळत नाही याचा अर्थ आतली माणसं वाचतात असा नाही, हे यानंतर नियम करणाऱ्यांच्या नीट ध्यानात आलं. घरांच्या आगीत माणसं भाजून मरतात त्याहून अधिक धुराने मरतात, आणि धुराला अडवणारी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे बंद दार. प्रत्यक्ष घरं पेटवून केलेल्या चाचण्यांत दिसलं आहे, की उघड्या दाराच्या खोलीत तापमान काहीशे अंशांवर जातं त्याच वेळी बंद दारामागची खोली काही काळ माणूस तगेल इतपत राहते. साधं, पोकळ लाकडाचं दारसुद्धा बहुमोल मिनिटं देऊन जातं.

मिनिटांचं मोल वाढायचं कारण आपलं फर्निचर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाद्या-सोफ्यांमध्ये कापूस आणि केसांच्या जागी पॉलियुरेथेन फोम आला. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेने दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या. जुन्या धाटणीच्या सामानाच्या खोलीत सगळं एकदम भडकायला जवळपास अर्धा तास लागला, आजच्या सामानाच्या खोलीत चार मिनिटंही लागली नाहीत. ब्रिटनने १९८८ मध्ये सोफे-गाद्यांच्या भरावासाठी आगीचे निकष सक्तीचे केले. म्हणजे आजोबांच्या काळात ‘आधी काय ते बघू, मग बाहेर पडू’ म्हणायला सवड होती. आता ती नाही.

मग झोपेचं काय? झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागं करत नाही, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याला आणखी गुंगीत ढकलतो. म्हणून जागं राहणारं यंत्र हवं, म्हणजे धुराचा अलार्म. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं उपकरण करू पाहत होता. वायूने काट्याला काही केलं नाही. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि काटा हलला, अशी हकीकत सांगतात. घरांत ज्या सिगारेटींनी असंख्य गाद्या पेटवल्या, तिनेच हे यंत्र दाखवून द्यावं हा मोठाच विनोद. त्यातून आलेल्या प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सर्गी पदार्थाचा कण हवेला विद्युतभारित करतो आणि बारीकसा प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आले की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. १९६०च्या दशकात डुएन पिअर्सल यांनी बॅटरीवर चालणारं, घरात परवडेल असं रूप तयार केलं आणि १९७०च्या दशकात ते घरोघरी गेलं. प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारा दुसरा प्रकार धुमसणारी आग लवकर ओळखतो आणि फोडणीच्या धुराला त्या मानाने कमी फसतो.

फसणं हीच तर या यंत्राची खरी अडचण. मी चार जणांबरोबर घर वाटून राहायचो, तिथल्या अलार्मला कोणीतरी आंघोळीची प्लॅस्टिक टोपी घातली होती. स्वयंपाक करताना वाजायचा म्हणून. कोणी घातली ते कधीच कळलं नाही. जवळपास वर्षभर ती तशीच होती. येता-जाता पाचही जणांना ती दिसायची आणि प्रत्येकाला वाटायचं, ज्याने घातली तो काढेल. मीही काढली नाही.

सामाईक घराचं दुखणं तिथेच आहे. आपापल्या खोलीची काळजी सगळे घेतात. जिना, व्हरांडा, मुख्य दार, अलार्म आणि ओट्यावरची शेगडी सगळ्यांची असते, म्हणून कोणाचीच नसते. म्हणूनच इंग्लंडमध्ये २००४च्या गृहनिर्माण कायद्याने वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसं एकत्र राहतील अशा मोठ्या घरांसाठी परवाना बंधनकारक केला आणि जबाबदारी एका नावावर टाकली. सुरुवातीला तीन मजल्यांची अट होती. २०१८ मध्ये ती काढली गेली. ऑस्ट्रेलियातल्या चिल्डर्समध्ये जून २००० मध्ये प्रवासी तरुणांच्या वसतिगृहाला आग लावली गेली तेव्हा १५ जण गेले. तिथला अलार्म चालत नव्हता.

उंच इमारतींसाठी ब्रिटनने वेगळा डाव मांडला होता. १९६०च्या दशकापासून प्रत्येक फ्लॅट हा एक बंद डबा मानला गेला: एकात आग लागली तर ती तिथेच जळून विझेल, म्हणून बाकीच्यांनी घरातच थांबावं. असंख्य आगींत हे बरोबरही ठरलं. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजपाशी आग सुरू झाली आणि बाहेरून चढवलेल्या आवरणातून चोवीस मजली इमारतीच्या माथ्यापर्यंत चढली. वेस बाहेरून फोडली गेली. घरातच थांबा ही सूचना मागे घ्यायला पहिल्या फोनपासून दीड तासाहून जास्त वेळ गेला. ७२ जणांचा मृत्यू झाला. आवरणाची चर्चा खूप झाली. चौकशीने आणखी एक साधी गोष्ट नोंदवली, ती मात्र मागे पडली: आपोआप बंद व्हायला हवी होती अशी फ्लॅटची कित्येक दारं बंद झालीच नाहीत. त्यांचे क्लोजर, म्हणजे दार आपोआप ओढून लावणारी यंत्रणा, मोडलेले होते किंवा नव्हतेच.

जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हेच आणखी उघडं दिसलं. खालच्या मजल्यावरच्या एका घरात हीटरमुळे आग लागली. ज्वाळा जवळपास त्या घरापुरत्याच राहिल्या. घराचं दार उघडं राहिलं, वर जिन्याचंही एक दार उघडं राहिलं, आणि एकोणीस मजली इमारतीत धूर भरला. १७ माणसं गेली, सगळी धुराने. त्या इमारतीतला अलार्म एरवीही वाजत असे, त्यामुळे तो ऐकूनही लगेच हललो नाही, असं तिथल्या रहिवाशांनी सांगितलं.

आता नवा विस्तव आला आहे, आणि त्याला राख घालून झाकता येत नाही. लिथियम बॅटरीचा एखादा सेल बिघडून तापला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा, आणि आग विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकू शकते. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात अशा आगींनी १८ जीव घेतले. त्याच वर्षी प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवर तिथे बंदी आली. आणि वाटून घेतलेल्या घरात ई-सायकल किंवा स्कूटर चार्जिंगला कुठे लागते? मळकी चाकं खोलीत नको असतात, स्वयंपाकघरात जागा नसते. मग ती लागते मुख्य दाराशी, चपलांच्या बाजूला, जिथे एक रिकामा सॉकेट असतो. ती रात्री पेटली तर आतल्या पाचही जणांना बाहेर पडायला उरते फक्त खिडकी.