फ्लॉरेन्सचे राजाराम कोणते, राजारामपुरीचे कोणते?

राजाराम कॉलेज, राजारामपुरी, राजाराम बंधारा, राजाराम महाराज विमानतळ. ही सगळी नावं एकाच राजाची, असं कोल्हापुरात बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं. मग इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातल्या समाधीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि त्याखाली कुणीतरी ठामपणे लिहितं, ‘शाहू महाराजांचे चिरंजीव’. चिरंजीव नव्हेत. ती समाधी ज्यांची, ते राजाराम शाहू महाराजांच्या जन्माआधीच साडेतीन वर्षं गेले होते.

आकडे लावून हा गुंता सुटत नाही. शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र, ताराबाईंचे पती ते पहिले राजाराम. त्यांच्याबद्दल गोंधळ नाही. पण ‘दुसरे राजाराम’ म्हटलं की काही पुस्तकांत साताऱ्याचे रामराजे निघतात आणि काहींत कोल्हापूरचे फ्लॉरेन्सवाले. म्हणून आकडे सोडा. मध्ये शाहू महाराजांना उभं करा: एक राजाराम त्यांच्या अलीकडे, म्हणजे आधी, एक पलीकडे, म्हणजे नंतर.

अलीकडचे राजाराम १८५० मध्ये पाटणकरांच्या घरात जन्मले. १८६६ मध्ये दत्तक होऊन गादीवर आले तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे होते. कारभार अर्थातच इंग्रज पोलिटिकल एजंटच्या नजरेखाली. १८७० मध्ये ते विलायतेला निघाले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानणाऱ्या काळात गादीवरच्या मराठी राजानं बोटीत पाऊल ठेवणं ही मोठीच गोष्ट होती. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. या प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. बरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादित केली आणि १८७२ मध्ये ती लंडनला छापून निघाली. ती वाचायला बसलात तर रसभरीत प्रवासवर्णनाची अपेक्षा ठेवू नका. पण एका विशीतल्या हिंदुस्थानी राजानं त्या काळी युरोप पाहून, स्वतःच्या हातानं लिहून ठेवावा, यातच तिचं मोल आहे.

परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय वीस. आता प्रश्न दहनाचा. फ्लॉरेन्स तेव्हा नव्या इटलीची राजधानी होतं आणि तिथे प्रेत जाळायची पद्धतच नव्हती. ब्रिटिश वकिलातीच्या मध्यस्थीनं खास परवानगी मिळाली. बरोबरच्या मंडळींना संगम हवा होता, म्हणून शहराच्या टोकाला, कास्चिने बागेपाशी आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात तिथे चिता रचली गेली. सरकारी कागद, धर्मविधी आणि परक्या शहराची सोय हे तिन्ही एका रात्रीत जुळवून आणणं सोपं नव्हतं. मला तर राणीच्या भेटीपेक्षा हीच खरी मुत्सद्देगिरी वाटते.

त्याच जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आत चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांनी घडवलेला रंगीत अर्धपुतळा आहे. शाहू महाराजांचा जन्मही १८७४ चाच, एवढं लक्षात राहिलं तरी फोटोखालची चूक टळेल. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्यांच्याच आराखड्यानुसार बांधला गेला, पण १८८४ मध्ये तो पुरा झाला तेव्हा ते हयात नव्हते. फ्लॉरेन्सचे लोक त्या भागाला ‘इंदियानो’ म्हणतात आणि १९७० च्या दशकात तिथे झालेल्या पुलालाही तेच नाव आहे. रोज त्यावरून गाडी नेणाऱ्यांपैकी कितीजणांना कोल्हापूर माहीत असेल, देव जाणे.

आता शाहू महाराजांच्या पलीकडचे राजाराम. हे त्यांचे सख्खे पुत्र, जन्म १८९७ चा. वडिलांनी शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं, नंतर अलाहाबादला शेतीचं शिक्षण झालं. म्हणजे परदेश यांनीही पाहिला, पण गादीवर येण्याआधी, विद्यार्थी म्हणून. १९२२ ते १९४० असा अठरा वर्षांचा कारभार त्यांना मिळाला आणि त्यात त्यांनी बाहेरचं बरंच काही गावात आणलं. १९३१ मध्ये संस्थानचं हायकोर्ट सुरू केलं. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं तेव्हा भाषणांत शाहू महाराजांचं नाव वारंवार निघणं साहजिकच होतं, पण या राजारामांची आठवणही तितकीच काढायला हवी होती, असं माझं मत. १९३० च्या दशकात उजळाईवाडीला विमानतळ झाला, कोल्हापूर सिनेटोन ही चित्रपटसंस्था उभी राहिली, राजारामपुरी वसली. पावसाळ्यात सगळं गाव ज्याची पातळी दर तासाला विचारतं, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, तो पंचगंगेवरचा, कसबा बावड्याचा राजाराम बंधाराही याच राजारामांच्या नावचा. एकीकडे शाहू महाराजांसारखे वडील, दुसरीकडे लगेच आलेलं संस्थानाचं विलीनीकरण. मधल्या मध्ये हे राजे झाकले गेले.

खरी मेख आहे राजाराम कॉलेजात. ते १८८० चं, म्हणजे नाव फ्लॉरेन्सवाल्या राजारामांचं. शाहू महाराजांच्या मुलाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ इथेच शिकले. पण या कॉलेजात एक मोठं पर्व आलं ते शाहूपुत्र राजारामांच्या कारकिर्दीत. १९२२ पासून प्राचार्य होते डॉ. बाळकृष्ण: मूळचे पंजाबकडचे, लंडन विद्यापीठाचे पीएच. डी. या माणसानं कोल्हापुरात बसून डच आणि इंग्रज वखारींच्या कागदांतून शिवाजी महाराज शोधले आणि इंग्रजीत खंडच्या खंड लिहिले. पाटी एका राजारामांची, भरभराट दुसऱ्यांच्या काळातली, अशी इथे सरमिसळ आहे. त्यामुळे कॉलेजच्या बाबतीत गोंधळणाऱ्यांना मी फार बोल लावत नाही.

बाकी ठिकाणी साल विचारा आणि मोकळे व्हा. १९२२ च्या आधी ‘राजाराम’ नाव पडलं असेल तर फ्लॉरेन्सवाले, नंतर पडलं असेल तर बहुधा शाहूपुत्र.

एक घोळ मात्र यानंतरही उरतो. शाहूपुत्र राजारामांचं लग्न १९१८ मध्ये बडोद्याला, सयाजीराव गायकवाडांच्या नातीशी झालं आणि त्या राणीसाहेबांचं नावही ताराबाई. म्हणजे राजाराम-ताराबाई या जोड्याही दोन. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणी मात्र औरंगजेबाशी लढलेल्या, पहिल्या राजारामांच्या.